पोराचा डबा बंद, दारातला डीजे चालू!

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून शिव्या द्यायला येऊ नका, पूर्ण वाचून या.

मागच्या रविवारची गोष्ट. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. आमच्या गल्लीतला सात-आठ वर्षांचा एक पोरगा ओट्यावर बसून तेलाचा रिकामा डबा वाजवत होता. १५ किलोचा पत्र्याचा डबा, हातात पऱ्हाटीच्या दोन काड्या. नुसतं बडवत नव्हता बरं का. चार ठोके, एक रिकामा, परत चार ठोके. चुकला की थांबायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. मी झोपेतून उठून खिडकीतून ओरडलो, "बंद कर रे पोऱ्या तुनं ते टनटन, डोकं उठी गयं!" पोरगं घाबरलं. डबा उचलून घरात गेलं.

संध्याकाळी त्याच गल्लीतून एका भाऊंच्या वाढदिवसाची मिरवणूक निघाली. पुढे डीजेची गाडी, मागे जनरेटर. माझ्या घरातली कपाटाची काच थरथरत होती. म्हाताऱ्या आईने उशीने कान झाकले. मी काय केलं? खिडकी लावून घेतली. एक शब्द बोललो नाही. उलट गाडी दारासमोर आली तेव्हा बाहेर जाऊन दोघा-तिघांना हसून नमस्कारही केला. आणि दुपारचा तो पोरगा समोरच्या ओट्यावर दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता.

रात्री झोप आली नाही. डीजेमुळे नाही, तो तर दहाला बंद झाला होता. लाजेमुळे. पत्र्याच्या डब्यावर माझा आवाज चढला आणि डीजेसमोर माझी दातखीळ बसली. ही पोस्ट त्या लाजेतून लिहितोय. आणि खरं सांगा, हे फक्त माझंच आहे का? आपल्या गावात घरोघर हेच चाललंय.

आता श्रावण आहे. कानबाई येईल, पोळा येईल, मग गणपती. गणपतीनंतर भुलाबाई. पुढचे दोन-अडीच महिने गाव वाजणार आहे. वाजू द्या. माझा वाजण्याला विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की वाजवणार कोण?

डीजेत वाजवतं कोण, ते नीट बघा. एक माणूस बटण दाबतो, जनरेटर डिझेल पितो, गाणं मुंबईत कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. आपली पोरं फक्त खाली उभी राहून हलतात. दोनशे पोरांच्या मिरवणुकीत वाद्याला हात लावणारा एकही नाही! आणि याला आपण 'पोरांचा उत्साह' म्हणतो. वर्गणी आपली, कान आपले, आणि वाजवायचा आनंद मशीनचा.

हातापायांनी वाजवलेल्या वाद्याची एक खुबी आहे. हात दुखला की ते थांबतं. वाजवणाऱ्याला दम लागतो, तो पाणी प्यायला जातो, तेवढा वेळ गल्लीला श्वास मिळतो. जनरेटरचा हात कधी दुखत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही एकदा वाचून घ्या, कारण दरवर्षी 'आमच्याच सणाला कायदा का' असा गळा काढला जातो. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि सगळ्या धर्मांना, सगळ्या पक्षांना, सगळ्या जयंत्यांना आणि वाढदिवसांना सारखेच लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, बस्स. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की बोलण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क कुणाला नाही.

आता या डेसिबलचं गणित. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ च्या जागी १०० डेसिबल झाले तर तो आवाज 'दुप्पट' नसतो, त्याची ऊर्जा तीस हजार पटींच्या वर जाते. कानाचे जाणकार सांगतात, ८५ डेसिबलच्या आवाजात माणूस फार तर ८ तास राहू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. मिरवणूक किती तास चालते, ते तुम्हीच मोजा. लेकराला खांद्यावर बसवून स्पीकरसमोर उभं राहणाऱ्या बापांनी तर नक्की मोजा.

एवढं लिहिलं की नेहमीचं उत्तर येतं, "बरोबर आहे भाऊ! डीजे बंद करा, पारंपरिक वाद्यं आणा, परंपरा जपा!"

इथेच मला थांबायचंय. कारण गेल्या वर्षी मीही हेच बोललो होतो, आणि माझ्या शाळेतल्या एका मित्राने मला गप्प केलं होतं. त्याचे वडील गावात डफडं वाजवायचे. तो स्वतः आज मास्तर आहे. मी म्हटलं, "अरे, आपलं डफ, हलगी, संबळ सगळं बुडत चाललंय." तो म्हणाला, "बुडू दे. माझा बाप लग्नात वाजवायचा आणि पंगत उठल्यावर जेवायचा. तुमच्या घरातला कोण वाजवणार आहे, ते आधी सांग. मग परंपरेचं बोलू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

ढोल-डफाचं कौतुक आपण सगळेच करतो. पण मेलेल्या जनावराचं कातडं काढणं, कमावणं, मढवणं आणि लोकांच्या दारात जाऊन वाजवणं हे काम ठरावीक जातींवर लादलेलं होतं. वाजवणारा मांडवाच्या बाहेर आणि नाचणारा मांडवाच्या आत. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी ते काम स्वाभिमानाने सोडलं, आणि बरोबर केलं. आज आपण 'परंपरा जपा' म्हणतो तेव्हा न बोलता त्यांनाच सांगतो की तुम्ही परत या आणि आमच्यासाठी वाजवा. हे चालणार नाही. ज्याला परंपरा हवी त्याने काडी स्वतःच्या हातात घ्यावी आणि आपल्या लेकराच्या हातात द्यावी. प्रत्येक जातीच्या, प्रत्येक गल्लीच्या, पोराच्या आणि पोरीच्याही.

जरा सातपुड्याकडे बघा. आपल्यापासून फार लांब नाही. होळीला पावरा, भिल्ल बांधव लाकूड कोरून केलेले मोठे ढोल घेऊन येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला हे ढोल रात्रभर वाजतात. तिथे नाचणारे पाड्यातले आणि वाजवणारेही पाड्यातलेच. भाड्याने आणलेला कुणी नसतो. आपण त्यांना मागास म्हणतो. वाजवण्याच्या बाबतीत मागास कोण आहे, सांगा बरं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. डीजे नको. आणि डीजेच्या जागी दुसऱ्या गावाहून पन्नास हजारांचं पथक पण नको. पोरांना वाद्य घरी करू द्या. घरात पडलेल्या वस्तूंतून. त्याला जात नाही, त्याला पैसे लागत नाहीत आणि त्याची लाज कुणालाच वाटायचं कारण नाही.

"घरी कसं करणार?" अहो, फार सोपं आहे. गेला आठवडाभर मी तेच करतोय. बायको म्हणते डोकं फिरलंय. असेल. पण ऐका.

एक. तेलाचा १५ किलोचा डबा. उलटा करून मांडीत धरायचा. कापलेल्या कडा हातोडीने आत वाकवून सपाट करायच्या, नाहीतर हात कापतो. हे काम मोठ्यांनीच करायचं. पऱ्हाटीच्या काड्यांना टोकाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळायची. चिंधी लावली की तो कर्कश 'टन' जातो आणि 'धुम' येतो. त्या दुपारी त्या पोराला कुणी एवढं सांगितलं असतं तर माझी झोपही मोडली नसती.

दोन. रंगाची २० लिटरची प्लास्टिक बादली. उलटी ठेवायची आणि एका बाजूला खाली अर्धी वीट सरकवायची. तोंड जमिनीला चिकटलेलं असेल तर आवाज आतच कोंडतो. वीट सरकवली की तीच बादली ढोलासारखी घुमते.

तीन. मातीची कुंडी किंवा फुटक्या गळ्याचं मडकं. पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद ओला करायचा, कणकेची खळ लावून एकावर एक चार-पाच थर तोंडावर ताणून बसवायचे, काठाखाली दोन-तीन इंच उतरवून सुतळीने घट्ट आवळायचे. एक दिवस सावलीत सुकू द्यायचं. कागद सुकताना आकसतो आणि आपोआप ताठ होतो. हा काडीने नाही, बोटांनी वाजवायचा. श्रावणातल्या दमट हवेत सैल पडेल. थोडा वेळ उन्हात ठेवा, परत बोलायला लागतो. डफवाले शेकोटीवर डफ शेकतात ते काय उगाच?

चार. दूध पावडरचा गोल डबा आणि हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात पडलेली ट्रॅक्टरची किंवा ट्रकची फाटकी ट्यूब. ट्यूबचा गोल तुकडा डब्याच्या तोंडापेक्षा मोठा कापायचा, काठाला भोकं पाडायची, डब्याच्या दोन्ही तोंडांना एकेक तुकडा लावून दोरीने वर-खाली ओवून ताणायचा. दोरी ओढली की आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो.

पाच. ज्यांना वाजवता येत नाही त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर मक्याचे दाणे. मक्याला आपल्याकडे काय तोटा!

एरंडोलच्या माणसाने कागदाच्या वाद्याला तरी नाक मुरडू नये. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आपल्या गावाची ओळख जाड देशी कागदासाठी नावाजलेलं गाव अशी दिली आहे. या गावाच्या हातांनी एकेकाळी कागद केलाय. आज आपल्या पोरांना खळ लावता येत नाही.

काही जण म्हणतील, "कातड्याशिवाय का कुठे वाद्य होतं? हा पोरखेळ आहे." गोव्याचं घुमट बघा. मातीचं भांडं, त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपडीला हात लावायची बंदी आली. मग कारागिरांनी बकरीचं कातडं लावलं, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडं बदललं, वाद्य जगलं.

त्रिनिदाद तर आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या ढोलांवर इंग्रजांनी बंदी घातली. त्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं आणि नंतर तेलाची पिंपं ठोकून-ठोकून त्यातून सूर काढले. तेच आज स्टीलपॅन म्हणून जगभर वाजतं, त्रिनिदादचं ते राष्ट्रीय वाद्य आहे, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिवस ठरवला. तेलाचं पिंप! आणि आपण तेलाचा डबा भंगारवाल्याला देतो, वर पोराला फटका देतो.

"पण अभ्यासाचं काय?" हा आईबापांचा प्रश्न. मी म्हणतो, हाच अभ्यास आहे. तोंड लहान आणि ताण जास्त तर आवाज बारीक, तोंड मोठं आणि ताण कमी तर आवाज जाड. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक का लावतात? तबल्यावर काळी शाई का? मधे वजन आलं की कातड्याचे स्वर एकमेकांशी जुळतात. यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये शोधनिबंध लिहिले. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला तबला-मृदंग अभ्यासाचा विषय वाटला, आणि आपल्याला तो टाइमपास वाटतो! पुण्यात अरविंद गुप्तांनी आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि २०२० चं शैक्षणिक धोरण स्वतः म्हणतं की सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांना १० दिवस दप्तराशिवाय स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवा. तालुक्यातल्या गुरुजींनो, मॅडमनो, त्यातला एक दिवस कुंभारवाड्यात आणि एक दिवस डब्यांना द्या. खर्च शून्य.

"डीजेवाल्या पोरांच्या पोटावर पाय देता का?" हा प्रश्न खरा आहे, मी टाळत नाही. कर्ज काढून सिस्टीम घेतलेली पोरं आपलीच आहेत. पण त्यांना मर्यादेच्या बाहेर वाजवायला लावतो कोण? आपणच. 'बाजूच्या मंडळापेक्षा मोठा पाहिजे' हे आपण म्हणतो, आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो, गाडी त्याची जप्त होते. व्याख्यान, आरती, नाटक, मुलांचे कार्यक्रम यांना साधा साउंड लागतोच. तो त्यांच्याकडूनच घ्या आणि वेळेवर पैसे द्या.

आणि हो, हेही कबूल करतो. पन्नास ढोल आणि वीस ताशे एका गल्लीत घातले तर तेही कान फाडतात. म्हणून तर मी डबा म्हणतोय. लेकराच्या हातात जेवढा जोर तेवढाच आवाज.

आता कामाचं बोलतो. गावातल्या सगळ्या गणेश मंडळांपुढे माझा प्रस्ताव आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ डब्यांची. सहा ते सात, एकच तास. चौदा वर्षांखालची मुलं-मुली. वाद्य घरी केलेलंच पाहिजे, विकत आणलेलं चालणार नाही. सगळ्या वाड्यांतली, सगळ्या गल्ल्यांतली पोरं एकत्र, मंडळानुसार नाही. आणि बक्षीस सगळ्यात मोठ्याने वाजवणाऱ्याला अजिबात नाही. जी टोळी एकत्र सुरू होईल, एकत्र हळू होईल आणि एकत्र थांबेल, तिला. थांबता येणं ही आपल्या गावात सध्या सगळ्यात दुर्मिळ कला आहे.

तसंच मायबहिणींना विनंती. भुलाबाईच्या गाण्यांना मोबाइलचा स्पीकर नको. पोरींच्या हातात टिपऱ्या द्या आणि एखादीला कुंडी द्या.

मी स्वतः काय करणार? दहा डबे, चार बादल्या आणि एक फाटकी ट्यूब गोळा झाली आहे. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर बसणार आहे, गल्लीतल्या कुणीही पोरा-पोरीने यावं. वर्गणीही देणार. पण पावतीवर 'डीजेसाठी नाही' असं लिहून घेतल्याशिवाय नाही. तुम्हीही लिहून घ्या. दोनशे पावत्यांवर ते लिहिलं गेलं तर मोर्चा-निवेदन कशाचीच गरज पडणार नाही.

माझ्या त्या मास्तर मित्राला ही पोस्ट आधी दाखवली. तो म्हणाला, "तुझा नातू वाजवणार असेल तर माझी पोरगी पण आणतो. पण दोघं शेजारी बसतील." मी म्हटलं, शेजारीच बसतील.

आणि त्या पोराच्या घरी काल गेलो होतो. म्हटलं, बेटा, परवा ओरडलो ते चुकलं. डबा काढ, बघू काय वाजवत होतास ते. त्याने आईकडे पाहिलं. मग पलंगाखालून डबा काढला.

पटलं तर शेअर करा. पटलं नसेल तर खाली मुद्दा मांडा, उत्तर देईन. फक्त 'आमच्याच सणाला का' एवढं लिहू नका, त्याचं उत्तर वर दिलं आहे.